धावदोऱ्यापासून कसुतीपर्यंत

१. टाके किती शिकावे लागतात?

भरतकाम शिकण्याची इच्छा मनात धरून जो कोणी या विषयावरचे एखादे सचित्र पुस्तक उघडतो, त्याच्या मनात पहिला प्रश्न बहुधा हाच येतो की, पानोपानी छापलेले हे शेदीडशे टाके शिकायचे केव्हा, आणि ते सगळे आल्यावाचून हातून काहीच घडणार नाही काय? प्रश्न रास्त आहे. तेरेझ द दिल्मों या विदुषीने १८८६ साली सुईकामाचा जो विश्वकोश प्रसिद्ध केला आणि जो पुढे अनेक भाषांत पोहोचला, त्यात शिवण, भरतकाम, विणकाम, क्रोशा, जाळीकाम अशा सर्व शाखा इतक्या तपशिलाने आल्या आहेत की, नवशिक्याची छाती दडपून जावी. परंतु त्याच ग्रंथाचा प्रारंभ साध्या शिवणीने आणि शिवताना अंग व हात कसे ठेवावेत या मामुली वाटणाऱ्या सूचनेने होतो, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे.

जगातील नामांकित भरतकामांची साक्षही याच बाजूने पडते. फ्रान्सच्या नॉर्मंडी प्रांतात बायो या गावी अकराव्या शतकातील जो सुमारे ७० मीटर लांबीचा लिननचा पट जतन करून ठेवला आहे, ज्यावर १०६६ सालच्या इंग्लंडवरील स्वारीची कथा सहाशेहून अधिक माणसे, घोडे, गलबते आणि लॅटिन अक्षरे यांच्या द्वारे सांगितली आहे, त्या अवाढव्य पटाचे बहुतेक सर्व काम दोनच प्रकारांनी सिद्ध झाले आहे: आकृतींच्या कडा आणि अक्षरे देठटाक्याने, आणि आतील भराव लोकरीचे धागे शेजारी शेजारी पसरून, वरून आडवे धागे घालून ते जागच्या जागी जखडून. पंजाबची फुलकारी एका रफूसारख्या टाक्यावर उभी आहे. बंगालची कांथा तर निखळ धावदोऱ्याची सृष्टी आहे. आणि ती इतकी समृद्ध आहे की, गुरुसदय दत्त यांच्यासारख्या सनदी नोकराने जिल्ह्याजिल्ह्यांतून फिरताना ती आस्थेने गोळा केली.

तेव्हा या प्रकरणात मी शेदीडशे टाक्यांच्या मागे लागणार नाही. एक टाका घेऊन तो कसा चालतो हे पाहायचे, त्यातून दुसरा कसा निघतो हे समजून घ्यायचे, आणि प्रत्येक पायरीवर कापड उलटून मागे काय झाले आहे ते तपासायचे, हा माझा क्रम आहे; कारण भरतकाम करणाऱ्याचा खरा हिशेब कापडाच्या उलट बाजूवर लिहिलेला असतो, असे माझे पक्के मत आहे.

२. कापड, सुई आणि दोरा

कापडापासून आरंभ करू. शिकणाऱ्याने ज्याचे धागे डोळ्यांनी मोजता येतील असेच कापड घ्यावे. बाजारात ‘मॅटी’ या नावाने जे सुती कापड मिळते त्यात ताणा आणि बाणा यांचे धागे जोडीजोडीने विणलेले असल्यामुळे बारीक चौकडीसारखी वीण स्पष्ट दिसते, आणि टाका सरळ पडला की वाकडा, हे कोणास विचारावे लागत नाही. रेशीम, व्हॉइल, मलमल ही वस्त्रे सुंदर खरी, पण ती पहिल्या अभ्यासाची नव्हेत. नवे सुती कापड एकदा धुऊन, वाळवून मगच वापरावे. ते आटायचे तेवढे आधीच आटू द्यावे.

सुयांच्या बाबतीत एक गोष्ट पुष्कळांना चकविते: क्रमांक जितका मोठा, तितकी सुई बारीक. भरतकामाच्या सुईचे नेढे साध्या शिवणीच्या सुईपेक्षा लांबट असते, कारण त्यातून दोऱ्याचे दोन-तीन पदर एकदम ओवायचे असतात. धागे मोजून करायच्या कामासाठी बोथट टोकाची सुई मिळते. ती धागा फोडीत नाही, दोन धाग्यांच्या मधल्या भोकातूनच वाट काढते. अंगुस्तान वापरण्याची सवय पहिल्या दिवसापासून करावी. तास-दीड तास बसल्यावर मधले बोट हुळहुळे झाले की उद्या सुई हातात घेण्याचा उत्साह उरत नाही, आणि छंदाचे अर्धे मरण अशा क्षुल्लक त्रासांतूनच ओढवते.

दोऱ्याची जी लडी आपण विकत घेतो ती साधारणतः ८ मीटर लांबीची आणि सहा पदरांची असते. हे सहा पदर एकत्र वापरण्यासाठी नसून, हवे तितके वेगळे काढून घेण्यासाठी असतात. आणि ते काढतानाही दोन-तीन एकदम न ओढता एकेक पदर वरच्या वर सोडवून घ्यावा व मग हवे तितके पुन्हा जोडावेत, म्हणजे गुंता होत नाही आणि पीळ समान बसतो.

आता दोरा किती लांब घ्यावा? घाईच्या माणसाला वाटते की वाव-दीड वाव दोरा ओवला की पुन्हा पुन्हा सुई ओवण्याची यातायात वाचेल. हिशेब करून पाहू. आपला टाका वरून ३ मिलिमीटर आणि खालून ३ मिलिमीटर आहे असे धरले, तर एका टाक्यास ६ मिलिमीटर दोरा लागतो. ४५ सेंटिमीटर दोऱ्यातून दोन्ही टोकांचे मिळून ९ सेंटिमीटर वजा केले, तर उरलेल्या ३६ सेंटिमीटरांत ६० टाके होतात. प्रत्येक टाक्यात दोरा दोनदा कापडातून जातो. म्हणजे शेवटच्या टाक्यात बसणारा दोऱ्याचा भाग तोवर सुमारे १२० वेळा कापडाला घासून आलेला असतो. हाच दोरा एक मीटरचा घेतला तर ही घासाघीस तीनशेच्या घरात जाते, आणि सुरुवातीची पाने तुकतुकीत व शेवटची पाने लव निघालेली, असे विद्रूप काम हाती येते. हातभर दोरा पुरे. मध्येच त्याला फाजील पीळ बसला असे दिसले, तर कापड उचलून सुई खाली मोकळी लोंबू द्यावी. ती गरगरा फिरून पीळ आपोआप उतरविते.

३. धावदोरा

सुई वर काढली, थोडे अंतर सोडून खाली घातली, पुन्हा तेवढेच अंतर सोडून वर काढली, की धावदोरा झाला. गोधडी अथवा वाकळ शिवणाऱ्या आपल्याकडच्या बायका जुन्या लुगड्यांच्या आणि धोतरांच्या घड्या एकावर एक अंथरून, जाड सुईने कडेकडेने फिरत मध्याकडे येतात, तो हाच टाका. आणि बंगालच्या कांथेतही जुन्या साड्यांचे थर याच टाक्याने एकजीव केलेले असतात, इतकेच नव्हे तर भरायला लागणारा रंगीत दोराही पूर्वी साडीच्या काठातूनच ओढून काढीत असत. इतक्या साध्या टाक्यात शिकण्यासारखे काय आहे, असे ज्याला वाटते त्याने दहा सेंटिमीटरांची एक ओळ घालून पाहावी आणि मग कापड उजेडासमोर धरावे.

त्यात तीन गोष्टी दिसतील. पहिली लांबी: टाका आणि दोन टाक्यांमधली मोकळी जागा समान आहेत की नाहीत. मॅटीवर प्रत्येक वेळी चार धागे वरून, चार धागे खालून असा शिरस्ता ठेवला तर चूक लपून राहत नाही. दुसरी ताण: दोरा कापडावर अलगद टेकेपर्यंत ओढावा, त्यापुढे एक केसभरही नाही; जास्त ओढला की कापडाला चुण्या पडतात, कमी ओढला की टाका उचलून राहतो आणि नखात, बांगडीत अडकतो. कांथेच्या पृष्ठभागावर जी बारीक लहरींची शोभा असते ती याच ताणाची करामत आहे. तेथे अनेक थरांमुळे आणि समान हातामुळे प्रत्येक चुणी हवी तेथेच पडते. तिसरी गोष्ट मागची: मागल्या बाजूला पुढच्यासारखीच तुटक रेघ उमटली पाहिजे. ती तशी नसेल तर सुई खाली जाताना तिरपी जात आहे असे समजावे.

रिंगेवर ताणलेल्या कापडात सुई एकदा वरून खाली आणि एकदा खालून वर अशी दोन हालचालींत चालवावी. मोकळ्या कापडावर मात्र सुईच्या अग्रावर तीन-चार टाके एकदम उचलून मग दोरा ओढला तरी चालतो. काम थांबविताना कापड रिंगेतून काढून ठेवावे. दिवसेंदिवस तसेच ठेवल्यास रिंगेचा वळ कापडावर असा बसतो की तो इस्त्रीलाही दाद देत नाही.

४. टाक्यांची घराणी

धावदोरा हाताला वळला की उरलेल्या टाक्यांची कुळे सहज लावता येतात. पहिले घराणे सपाट टाक्यांचे. धावदोऱ्यात पुढे गेलेली सुई जर मागे येऊन रिकामी जागा भरू लागली तर उलटी टीप होते. तीच टीप किंचित तिरपी आणि एकमेकीस बिलगून घातली तर देठटाका होतो. आणि टाके लांब व शेजारी शेजारी, मध्ये फट न ठेवता घातले तर पाने-पाकळ्या भरण्याचा भरीव टाका. दुसरे घराणे फाशाचे: सुई वर निघत असताना दोरा तिच्या अग्राखाली धरला की साखळी टाका आणि काजटाका जन्मास येतात. कच्छमधील मोची कारागीर हीच साखळी सुईऐवजी आरीने घालीत. तिसरे घराणे गाठींचे, ज्यात दोरा सुईभोवती वेढून मग ती खाली घालतात. चौथे घराणे एकमेकांना छेदणाऱ्या टाक्यांचे. रुखवतात मांडलेल्या तसबिरी आणि आसने ज्याने भरलेली असत, तो फुलीटाका यात येतो. फुल्या भरताना वरचा पाय सर्वत्र एकाच दिशेला झुकला पाहिजे. हा नियम मोडला तर रंग तोच असूनही भरलेले क्षेत्र डागाळल्यासारखे दिसते, कारण दोऱ्यावरून परतणारा प्रकाश दोऱ्याच्या दिशेप्रमाणे बदलतो.

येथे एक गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटते. हा छंद स्त्रियांचा, असा समज आपल्याकडे दृढ झाला आहे. परंतु काश्मीरचे सोझनीकाम करणारे आणि जरदोजीच्या कारचोबावर बसणारे कसबी कारागीर पिढ्यानपिढ्या मुख्यत्वे पुरुषच आहेत. ज्याला सुई धरावीशी वाटते त्याने निःसंकोच धरावी.

५. जाऊन येणारा दोरा: कसुती

आता या प्रकरणाच्या मुख्य विषयाकडे येतो. धारवाड, विजापूर, बेळगाव हे जिल्हे १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होते, आणि तेथल्या इरकली लुगड्यांचा वापर कोल्हापूर, सांगली, सोलापूरकडे पूर्वापार आहे. त्यामुळे त्या लुगड्यांच्या पदरावर आणि खणांवर भरलेली कसुती मराठी घरांना परकी नाही. गोपुर, रथ, पालखी, हत्ती, मोर, शंख, तुळशीवृंदावन या तिच्या आकृती. नक्षी कापडावर आखायची नाही, दोऱ्याला गाठ मारायची नाही, केवळ धागे मोजीत जायचे, असा तिचा दंडक आहे. तिच्यात चार टाके येतात: रेघेचा गवंती, पायऱ्यापायऱ्यांनी चढणारा मुर्गी, विणीसारखा दिसणारा नेगी आणि फुल्यांचा मेंथी. यांपैकी पहिले दोन कापडाच्या दोन्ही बाजूंना हुबेहूब सारखे दिसतात, आणि ते कसे, हे एकदा उमगले की सुईकामाकडे पाहण्याची दृष्टीच पालटते.

गवंती म्हणजे दोनदा घातलेला धावदोरा. चाळीस धाग्यांची एक सरळ रेघ घेऊ आणि तिचे चार-चार धाग्यांचे दहा खंड पाडू. जाताना पहिला खंड वरून, दुसरा खालून, तिसरा वरून, असे करीत गेले की वर १, ३, ५, ७, ९ हे खंड भरले जातात आणि सुई दहाव्याच्या शेवटी वर निघते. आता त्याच भोकांतून परत फिरावे: दहावा वरून, नववा खालून, आठवा वरून. प्रारंभास पोहोचेपर्यंत वरचे सगळे रिकामे खंड भरलेले असतात, खालचेही भरलेले असतात, आणि दोन्ही बाजूंना अखंड रेघ उमटते. युरोपात हाच टाका थोर चित्रकार हान्स होल्बाइन याच्या नावाने ओळखला जातो, कारण त्याने रंगविलेल्या व्यक्तिचित्रांत, उदाहरणार्थ इंग्लंडची राणी जेन सीमूर हिच्या चित्रातील बाह्यांच्या कफांवर, ही काळ्या दोऱ्याची नक्षी तपशीलवार दिसते.

सरळ रेघ सोपी. पण नक्षीला फांद्या फुटल्या म्हणजे काय करावे? गावात पत्रे वाटणारा टपालवाला जसा हमरस्त्याने चालता चालता वाटेत बोळ लागला की त्यात शेवटपर्यंत शिरून, परत रस्त्यावर येऊन मगच पुढे सरकतो, तसेच येथे करावे. एक छोटे उदाहरण कापडावर प्रत्यक्ष करून पाहण्यासारखे आहे. तीन खंडांची एक दांडी घ्या: १, २, ३. दुसऱ्या खंडाच्या शेवटी दोन खंडांची एक फांदी फुटते. तिचे खंड क आणि ख. दोरा असा चालवा: १ वरून, २ खालून, येथे फांदीत शिरा, क वरून, ख खालून, फांदीचे टोक आले, परत फिरा, ख वरून, क खालून, दांडीवर आलात, ३ वरून, टोक आले, परत फिरा, ३ खालून, २ वरून, १ खालून. दहा चाली झाल्या, वर-खाली हा क्रम कोठेही मोडला नाही, पाचही खंड दोन्ही बाजूंना भरले, आणि सुई निघाली होती तेथेच परत आली.

हे प्रत्येक नक्षीत जमेल याची खात्री काय? गणिती ऑयलर याने १७३६ साली क्यॉनिग्सबर्ग नगरातील सात पुलांचा प्रश्न सोडविताना असे दाखविले की, प्रत्येक वाटेने नेमके एकदाच जाऊन मूळ जागी परतायचे असेल, तर प्रत्येक नाक्यावर मिळणाऱ्या वाटांची संख्या सम असावी लागते. कसुतीत प्रत्येक वाट दोनदा चालायची असते. त्यामुळे ती संख्या सर्वत्र आपोआप समच होते. नक्षी अखंड जोडलेली असली म्हणजे झाले. तुटक ठिपक्यासाठी नवा दोरा घ्यावा. ज्या स्त्रियांनी रथाच्या कळसापासून चाकांपर्यंतची वाट निव्वळ मनात धरून, कागदावर एक रेघही न ओढता भरली, त्यांच्या बुद्धीची थोरवी आपल्या शिक्षणाने पुरेशी ओळखली नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

गाठीवाचून आरंभ कसा करावा, हा प्रश्न येथे येतोच. दोऱ्याचे आठ-दहा सेंटिमीटर टोक मोकळे सोडून काम सुरू करावे. ओळ पुरी झाल्यावर ते टोक सुईत ओवून, भरलेल्या टाक्यांच्या आडून, त्यांच्याच वाटेने चार-सहा टाके मागे न्यावे आणि कापून टाकावे. शेवटही तसाच. रेशमी कापडाचे धागे मोजता येत नसतील तर त्यावर जाळीचे कापड टाचून, त्याच्या घरांवर मोजून भरतात आणि काम झाल्यावर जाळीचे धागे एकेक ओढून काढतात.

६. उलट बाजूवरून भरलेली कामे

मागची बाजू ही केवळ परीक्षेची जागा नव्हे. काही कलांत ती कामाचीच जागा आहे. फुलकारीत खद्दराच्या मागच्या बाजूवर धागे मोजून, पीळ नसलेल्या रेशमाने भरत जातात, आणि भरणारीला पुढचे फूल काम चालू असताना दिसतही नाही. तेथे टाके कधी आडवे, कधी उभे घालून एकाच रंगाच्या दोन छटा भासविल्या जातात. लखनौच्या चिकनकामातील बखियाही तसाच: मलमलीच्या मागे दोऱ्यांची तिरपी जाळी घातली जाते आणि पुढे तिची केवळ सावली उतरते. चंबा येथील रुमाल, ज्यांची रेखाटने पहाडी शैलीच्या चित्रकारांकडून करवून घेत, ते तर दोरुखे. एकाच वेळी वरखाली भरीव टाका घालून दोन्ही अंगे सारखी केलेली.

यावरून कोणी असा अर्थ काढू नये की प्रत्येक हातरुमालाची मागची बाजू पुढच्याइतकी देखणी हवी. नेगी आणि मेंथी मागून वेगळेच दिसतात, आणि त्यात कमीपणा काही नाही. मात्र एका फुलापासून दुसऱ्या फुलापर्यंत मागून लांबच लांब दोरा ओढून नेणे टाळावे. पातळ कापडात तो पुढून दिसतो, धुण्यात अडकून तुटतो, आणि तुटला की दोन्ही फुले उसवतात. छापील नक्षी इस्त्रीने उतरवून लगेच रंग भरू लागणाऱ्यांना ही शिस्त लागत नाही, म्हणून निदान पहिले काही महिने तरी मोजून भरायचे काम करावे, असा माझा आग्रह आहे.

७. रफू

धावदोरा ज्याला साधला त्याने रफू अवश्य करून पाहावे; फुलकारी आणि नेगी यांचीच ती सख्खी बहीण. सुती धोतराला अथवा सदऱ्याला पडलेले लहान भोक घ्यावे. त्याच कपड्याच्या आतल्या शिवणीतून दशा ओढून घेतल्या तर रंग आणि पोत दोन्ही जुळतात. प्रथम भोकाच्या एका अंगाला, धड कापडावर सेंटिमीटरभर आधीपासून बारीक धावदोरा घालीत यावे, भोकावरून दोरा सरळ पलीकडे न्यावा, तेथेही सेंटिमीटरभर धावदोरा घालून वळावे. असा सगळा ताणा पुरा झाला की त्यावर आडवा बाणा, एक धागा वरून, एक खालून, पुढच्या ओळीत नेमके उलट, असा विणीत जावे. प्रत्येक वळणावर दोरा ताणून न घेता बारीकसा फास मोकळा सोडावा, कारण नवा दोरा पहिल्या धुण्यात आटतो. तेवढी सवड ठेवली नाही तर भोवतालचे कापड ओढले जाऊन नव्याने फाटते. शेवटी कापड पालथे घालून, खाली जाड पंचाची घडी ठेवून, ओलसर असतानाच मागच्या बाजूने इस्त्री फिरवावी.